प्रतीची प्रत

दर शनिवारी संध्याकाळी सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीवर आठ-दहा मुलं येतात. संगमेश्वर महाविद्यालयाची मुलं चालत येतात, वालचंदची एका दुचाकीवर तिघं बसून. कुणी भजी आणतं, कुणी प्रश्न. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका प्रश्नातून हे पुस्तक निघालं, म्हणून आधी तोच सांगतो.

आम्ही एका मुक्त सॉफ्टवेअरचा रेपो, म्हणजे कोड आणि त्याच्या बदलांचं भांडार, उतरवून घेणार होतो. रेपो जाडजूड, कित्येक वर्षांचा इतिहास पोटात असलेला. त्या दिवशी इंटरनेट रडत होतं. एका मुलीनं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चिकाटीनं तासाभरात रेपोची प्रत घेतली, म्हणजे क्लोन पुरा केला. बाकीच्यांनी डोकं चालवलं. तेच ते दहा जणांनी बाहेरून कशाला ओढायचं? तिनं रेपोचा फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकला, बाकीच्यांनी पेन ड्राइव्हवरून क्लोन केला. पाच मिनिटांत सगळे मोकळे. मग कोपऱ्यातून आवाज आला, "सर, ब्रँचच नाहीत की!"

मूळ रेपोत चार ब्रँच होत्या. त्या मुलीच्या लॅपटॉपवर चारही दिसत होत्या. तिच्याकडून घेतलेल्यांकडे एकच उरली होती. कुणी काही खोडलं नव्हतं, पेन ड्राइव्ह धड होता, हा सगळा इतिहास सांभाळणाऱ्या गिटनं एकही तक्रार केली नव्हती. उलट 'डन' म्हणून तो मोकळा झाला होता. आणखी खोदून पाहिलं, तर प्रत्येकाच्या रेपोत 'ओरिजिन' म्हणून पेन ड्राइव्हचा पत्ता लिहिलेला. मूळ रेपो कुठे राहतो याचा उल्लेखही नाही. पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला की दहा जणांचं मूळ खिशात.

त्या संध्याकाळी मी फळ्यापुढे उभा राहून तासभर बोललो. पुढच्या शनिवारी पुन्हा बोललो, कारण पहिल्या तासात मीच दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या होत्या. वहीतली टिपणं वाढत गेली. गिटच्या दीडशेच्या वर आज्ञांपैकी एकाच आज्ञेवर एवढं पुस्तक कशाला, असं मला मित्रांनी विचारलं. माझं म्हणणं असं, की बाकीच्या आज्ञा माणूस हळूहळू शिकतो, चुकतो, पुन्हा शिकतो. क्लोन मात्र तो पहिल्याच दिवशी करतो, काही कळायच्या आत, आणि त्या एका आज्ञेत काय आलं आणि काय मागे राहिलं यावर पुढची कित्येक वर्षं उभी असतात.

सोलापुरात बसून संगणकावर लिहायचं तर चादरीचा माग आणि जकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचं नाव काढायचंच, असा एक अलिखित दंडक आहे. तो मी मोडतो. ती गोष्ट अनेकांनी सांगून झालीय. मला सोलापूरची दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. ती नकलांचीच आहे आणि गिटपेक्षा शंभरेक वर्षांनी जुनी आहे.

कर्नाटकात मंगळूरजवळ मूडबिद्री नावाचं गाव आहे. तिथल्या जैन बसदीत, म्हणजे मंदिरात, षट्खंडागम या जैन ग्रंथावरची आचार्य वीरसेनांची 'धवला' टीका, 'जयधवला' आणि 'महाबंध' हे ग्रंथ ताडपत्रांवर जुन्या कन्नड लिपीत जपून ठेवलेले होते. धवलेचा विस्तार ७२,००० श्लोकांइतका सांगतात, जयधवलेचा ६०,००० श्लोकांइतका. दुसरीकडे कुठे त्यांची प्रत असल्याचं कुणाला माहीत नव्हतं. भाविक ग्रंथांचं दर्शन घेऊन जात. वाचणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. १८८३ साली मुंबईचे शेठ माणिकचंद तिथे यात्रेला गेले, झिजत चाललेली पानं पाहिली आणि त्यांनी ही गोष्ट सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींना कळवली. हिराचंद म्हणजे 'जैन बोधक' मासिक काढणारे, आणि पुढे जहाजं, विमानं, मोटारी या सगळ्या उद्योगांत उतरलेल्या वालचंद हिराचंदांचे वडील. आमच्या खोलीवर येणारी निम्मी मुलं ज्या कॉलेजात शिकतात, त्याच्या पाटीवर त्यांच्या मुलाचं नाव आहे. वडिलांचं नाव मुलांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

हिराचंद स्वतः श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरी शास्त्र्यांना सोबत घेऊन मूडबिद्रीला गेले, कारण ती लिपी आणि ती भाषा दोन्ही वाचू शकणारा माणूस त्यांना हवा होता. मग बरीच वर्षं पैसा उभा करण्यात आणि तिथल्या मंडळींची समजूत घालण्यात गेली. अखेर १८९६ साली नक्कल सुरू झाली. लिहायला ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय. ब्रह्मसूरी काम अपुरं असतानाच वारले. गजपतींनी पुढे चालवलं, नंतर आणखी माणसं आली. तिन्ही ग्रंथांचं काम संपलं १९२२ साली. एका क्लोनला २६ वर्षं. हॉटस्पॉटवर तासभर बसून कंटाळलेल्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा ती हसली. पुढचं ऐकल्यावर गप्प झाली.

मूडबिद्रीची अट होती, की नक्कल व्हावी, पण ग्रंथ आणि नकला गावाबाहेर जाऊ नयेत. गजपतींनी नेमलेलं काम करता करता, पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीनं, घरी गुपचूप आणखी एक प्रत कन्नड लिपीत उतरवली. ती घेऊन ते सोलापूरला हिराचंदांकडे आले. ज्या माणसानं या नकलेसाठी आयुष्याचा एवढा भाग दिला होता, त्यानं ती प्रत ठेवून घ्यायला नकार दिला. अट मोडून आलेली वस्तू घरात नको. गजपती मग उत्तरेत सहारनपूरला गेले. तिथे लाला जंबूप्रसादांनी प्रत घेतली, ती नागरीत उतरवण्याची व्यवस्था केली, आणि ते काम करणाऱ्या सीताराम शास्त्र्यांनी स्वतःसाठी गुपचूप आणखी एक प्रत ठेवून दिली. आरा, कारंजा, सागर, सोलापूर, अशा ठिकाणी मग पोचल्या त्या या शेवटच्या धाग्यातून निघालेल्या प्रती. प्रतीच्या प्रतीची प्रत. मूडबिद्री मागे कुठेतरी राहिलं.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३९ साली धवलेचा पहिला खंड छापला. त्यांच्यापुढे अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या प्रती होत्या. तीन ठिकाणच्या तीन प्रती एकच पाठ देत असतील, तर साध्या माणसाला वाटेल की तीन साक्षीदार मिळाले. हिरालालांना ते तीन नव्हेत, एकच आहे हे माहीत होतं, कारण तिघांचा पूर्वज एक. पूर्वजाच्या हातून काही सुटलं असेल, तर ते तिघांकडूनही सुटणार. पहिल्याच भागात, ९३ व्या सूत्रात, त्यांना एक शब्द कमी पडल्यासारखा वाटला: 'संजद'. म्हणजे संयत, व्रतस्थ. प्रतीत तो नव्हता. त्यांनी सूत्रात मनानं घुसडला नाही. इथे हा शब्द राहून गेला असावा असं तळटीपेत लिहिलं. पुढे मूडबिद्रीकरांनी ताडून पाहण्यासाठी दार उघडलं, ताडपत्रं पाहिली गेली, आणि तिथे तो शब्द होता. त्या एका शब्दावरून पंडितांत जो वाद पेटला तो या पुस्तकाचा विषय नाही, आणि माझी ती पात्रताही नाही. धवलेचे १६ खंड १९५८ पर्यंत पुरे झाले. सुधारलेल्या आवृत्त्या नंतर ज्या संस्थेनं काढल्या, ती सोलापूरचीच, जैन संस्कृती संरक्षक संघ. हिराचंदांनी दारातून परत पाठवलेला ग्रंथ असा सगळा देश फिरून, मूळ प्रतीशी ताडून, सरळ वाटेनं गावात आला.

आता मुलांचा पेन ड्राइव्ह आठवा. तिथेही तेच झालं होतं: मूळ एक, त्याची एक प्रत, आणि तिच्यावरून दहा. दहाही जणांकडे एकच गोष्ट राहिली होती, आणि दहा जण एकमेकांकडे पाहून खात्री करत होते की असंच असणार.

गिटच्या बाजूनं दोन शब्द बोलायला हवेत, कारण यातली अर्धी लढाई त्यानं जिंकलेली आहे. एखादा शब्द नकळत गळणं गिटमध्ये जवळजवळ अशक्य आहे. प्रत्येक फाइलचं, प्रत्येक फोल्डरचं, प्रत्येक कमिटचं, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचं, नाव त्याच्या मजकुरावरूनच गणित करून काढलेलं असतं, चाळीस अक्षरांचं. कमिटच्या मजकुरात त्याच्या आधीच्या कमिटचं नाव असतं, म्हणून खालचं एक अक्षर हललं तर वरची सगळी नावं बदलतात. नेटवरून क्लोन करताना आलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव तुमचा संगणक नव्यानं काढून पाहतो. प्रत्येक लेखनिकाच्या शेजारी बसून प्रत्येक पानाची बेरीज जुळवणारा कारकून असता, तर 'संजद' त्याच दिवशी सापडला असता.

पण तो कारकून पान बरोबर उतरलं का एवढंच सांगतो. किती पानं उतरवायचीच नाहीत असं ठरलं होतं, हे त्याच्या कामात बसत नाही. माझ्या पुस्तकाचा सगळा रोख या दुसऱ्या गोष्टीवर आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत क्लोन वेगवान करण्याच्या ज्या सुधारणा झाल्या, त्यातल्या बहुतेक म्हणजे काय आणायचं नाही याचे नवनवे नियम आहेत. ते चांगले आहेत. मी रोज वापरतो. मात्र नियम कुठला वापरला याची आठवण माणसाला राहत नाही, आणि अवजार आपणहून करून देत नाही.

आवृत्त्या सांभाळणाऱ्या अवजारांचा मागचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९७२ साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं, १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं, मग सीव्हीएस, २००० साली सबव्हर्जनचं काम सुरू झालं. या सगळ्यांत भांडार एका जागी. तुम्हाला मिळे ते आजचं रूप. कालचं पाहायचं तर भांडाराच्या दारात जायचं. २००५ च्या एप्रिलमध्ये, लिनक्सच्या मंडळींना बिटकीपर हे असंच अवजार फुकट वापरायची मुभा संपली तेव्हा लिनस टोरवाल्ड्सनी गिट लिहायला घेतलं, आणि त्याच महिन्यात मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरिअल. त्या वर्षीच्या जुलैपासून गिटचा सांभाळ जुनिओ हमानो करत आहेत. या पिढीत क्लोन म्हणजे आख्खं भांडार घरी. मालकाचं घर जळालं तरी तुमच्या घरी सगळं शाबूत.

ब्रँचच्या बाबतीत मात्र या पिढीतल्या भावंडांचं एकमत नव्हतं. ते मतभेद मला अजून रंगतदार वाटतात. कॅनॉनिकल कंपनीच्या आश्रयानं वाढलेल्या बझारमध्ये एक ब्रँच म्हणजे एक फोल्डर. प्रत घ्यायची ती एका ब्रँचची. तिची भावंडं हवी असतील तर वेगळी आणा, आणि सगळ्यांचा सामाईक इतिहास दहादा साठवायचा नसेल तर आधी एक सामाईक भांडार मांडा. मर्क्युरिअलमध्ये ब्रँचचं नाव कमिटमध्येच कोरलं जातं, कायमचं, गोंदल्यासारखं. म्हणून तात्पुरत्या कामासाठी लोक आख्ख्या रेपोचीच दुसरी प्रत काढत. नवशिक्याला बझारची पद्धत सगळ्यात चटकन कळते असं माझं मत आहे, फोल्डर डोळ्यांना दिसतो. पण बझार मागे पडलं. टिकलं ते गिट, ज्यात ब्रँच म्हणजे ४१ बाइटची चिठ्ठी. चाळीस अक्षरांचं नाव आणि ओळ संपल्याची खूण, बस.

सात रस्त्यावर राहून ब्रँचवर लिहायचं म्हटल्यावर सात फाट्यांची उपमा आयतीच हाताशी येते. मुलंही हौसेनं देतात: हा होटगी रोड एक ब्रँच, हा विजापूर रोड दुसरी. उपमा चुकीची आहे, आणि ती चूक महागात पडते. गिटमध्ये ब्रँच हा रस्ता नव्हे. रस्ता म्हणजे कमिटांची साखळी, ती जमिनीवर आहेच. ब्रँच म्हणजे त्या रस्त्याच्या टोकाशी रोवलेली पाटी, आणि रस्ता जसा पुढे बांधला जाईल तशी ती पाटी उचलून पुढे नेतात. पाटी काढून टाकली तर रस्ता लगेच नाहीसा होत नाही, पण तिथवर कसं पोचायचं हे कुणाला सांगता येत नाही. काही दिवसांनी पालिकेची झाडलोट होते आणि वापरात नसलेला रस्ताही उखडला जातो. गिटमध्ये त्या झाडलोटीला रीतसर नाव आहे, ते सहाव्या प्रकरणात येईल.

हे एकदा पटलं की पेन ड्राइव्हचं कोडं सुटतं. क्लोन करताना गिट समोरच्या रेपोतल्या पाट्या मोजतो आणि त्या तुमच्याकडे आणून, पुढे 'ओरिजिन' असं लावून, एका वेगळ्या कप्प्यात ठेवतो: अमुक गावी अमुक पाटी इथे होती, अशी नोंद म्हणून. तुमची स्वतःची पाटी तो एकच रोवतो, समोरच्याकडे जी चालू असेल ती. त्या मुलीकडे अशी तिची एक पाटी होती आणि मूळ गावच्या चार नोंदी. तिच्याकडून प्रत घेणाऱ्यांना गिटनं तिच्या पाट्या दिल्या. म्हणजे एक. तिच्या नोंदवहीतल्या परगावच्या नोंदी कुणाला द्यायच्या नसतात, असा गिटचा शिरस्ता आहे. यात तर्क आहे. दुसऱ्याच्या घराबद्दल मी लिहून ठेवलेलं म्हणजे माझं घर नव्हे. पण दहा मुलांना ब्रँचच नाहीत असं वाटावं, आणि अवजारानं चकार शब्द काढू नये, हे मला मान्य नाही. 'समोरच्या रेपोत आणखी चार परगावच्या नोंदी आहेत, त्या आणल्या नाहीत', एवढी एक ओळ छापायला काय जातं?

उपाय आहेत. पहिली प्रत 'मिरर' पर्याय लावून घेतली, तर पाट्या जशा आहेत तशा, सगळ्याच्या सगळ्या येतात, आणि तिच्यावरून पुढच्या दहा प्रती काढल्या तरी काही गळत नाही. त्यानंतर प्रत्येकानं ओरिजिनचा पत्ता बदलून मूळ गावचा घालायचा. आधीच फसलेल्यांनीही पत्ता बदलून एकदा फेच केलं की राहिलेल्या पाट्या येतात. इतिहास बराचसा घरातच असल्यानं फारसा डेटाही लागत नाही. चौथं प्रकरण या दोन-तीन ओळींचाच विस्तार आहे. मिरर करूनही काही गोष्टी येत नाहीत, याचा धक्का मुलांना बसला: समोरच्याचे हुक, त्याची कॉन्फिग, स्टॅशमध्ये खोचून ठेवलेलं अर्धवट काम असल्या खासगी वस्तू त्याच्या घरीच राहतात, किंवा अर्ध्यामुर्ध्याच येतात. स्टॅशवर विसंबून लॅपटॉप फॉरमॅट करणारा माणूस मी जवळून पाहिलेला आहे. आरशात.

इंटरनेट रडण्याचा प्रश्न वेगळा आणि माझ्या मते अधिक गंभीर. पुण्या-बंगळुरातल्या कचेरीत बसणाऱ्याला तो कळत नाही. क्लोन नव्वद टक्क्यांवर असताना वीज गेली, तर पुन्हा शून्यापासून. सिनेमा अर्ध्यावरून पुढे उतरवता येतो, रेपो नाही. कारण असं, की सर्व्हरकडे तयार गठ्ठा नसतो. तुम्ही मागणी केली की तो सगळ्या पाट्यांपासून मागे चालत जाऊन वस्तू मोजतो, एकसारख्या वस्तू शोधतो, एक पूर्ण लिहून दुसरीला 'वरीलप्रमाणे, फक्त एवढा फरक' असं किराणा वहीसारखं टिपतो, आणि ही गाठोडी जागच्या जागी बांधून पाठवतो. क्लोन करताना पडद्यावर ज्या मोजण्या-दाबण्याच्या ओळी सरकतात, त्या याच. दुसऱ्यांदा मागाल तेव्हा गाठोडं तंतोतंत तसंच बांधलं जाईल याची हमी नाही, म्हणून अर्ध्यावरून पुढे देता येत नाही.

यावर जुना तोडगा बंडलचा: आख्खा रेपो एकाच फाइलीत आधीच बांधून ठेवायचा. ती साधी फाइल असल्यामुळे तुटली तिथून पुढे उतरवता येते, पेन ड्राइव्हवर नेता येते. लिनक्स कर्नलच्या अधिकृत साइटवर असं बंडल मिळतं. ते आणायचं आणि नंतर झालेले बदल तेवढे ओढायचे. २०२२ पासून गिटला स्वतःहून आधी बंडल आणायला सांगायची सोय झालीय. सोलापुरातल्या मुलांना बाकी कुठल्याही सुधारणेपेक्षा ही अधिक उपयोगाची, आणि तिच्यावर सगळ्यात कमी लिहिलं जातं. पुस्तकात तिला पूर्ण प्रकरण दिलंय.

गाजल्या त्या दुसऱ्या सुधारणा. त्यांच्यामागे मोठ्या कंपन्यांची गरज होती. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजचा रेपो गिटमध्ये आणला, तेव्हा तो सुमारे ३५ लाख फायलींचा आणि ३०० जीबीचा होता. साधा क्लोन बारा तासांवर जाई. त्यांनी फायली मागाल तेव्हा आणून देणारी एक व्यवस्था बांधली, आणि तीच गोष्ट गिटच्या मूळ अंगात पार्शल क्लोन म्हणून मुरत गेली: इतिहासाचा सांगाडा सगळा आणा, फायलींचा मजकूर लागेल तेव्हा मागवा. त्याच सुमारास, २०१८ मध्ये, सर्व्हरशी बोलण्याची नवी रीत आली. तोवर कुणीही दारात आलं की सर्व्हर आपल्या सगळ्या पाट्यांची यादी वाचून दाखवी, लाखभर असल्या तरी, आणि पाहुण्याला हवी असे एक. आता पाहुणा आधी सांगू शकतो, मला अमक्याच हव्यात.

शॅलो क्लोन याहून जुना आणि याहून फसवा. शेवटचं एक कमिट आणा, मागचं तोडा. झटपट येतो, म्हणून प्रत्येक ट्यूटोरियलमध्ये सांगतात. तो मागितला की इतर ब्रँचही मुकाट्यानं गाळल्या जातात, हे त्याच ओळीत कुणी सांगत नाही. मग त्या प्रतीत एखादी ओळ कुणी लिहिली हे विचारलं, की गिट जिथे इतिहास तोडला त्या कमिटच्या माणसाचं नाव सांगतो, आधी फक्त एक छोटीशी खूण घालून. एका नोकरीत मी स्वतः अशाच उत्तरावर विसंबून एका निरपराध सहकाऱ्याला भर बैठकीत बोल लावला. त्यानं फक्त शेवटचा बदल केला होता, तोही स्पेलिंगचा. पुरावा नसताना 'संजद' गळाल्याचं खापर सहारनपूरच्या लेखनिकावर फोडण्यासारखंच ते. तेव्हापासून मी शॅलो प्रत फक्त यंत्राला देतो, चाचण्या चालवून फेकून द्यायला. माणसानं वाचायची असेल तर पार्शल. थोडी हळू चालते, पण तिला आपलं खानदान ठाऊक असतं.

उसनवारीबद्दल एक इशारा, कारण लॅबमध्ये जागा वाचवायला हे सर्रास करतात. एकाच संगणकावर दुसरी प्रत काढताना 'शेअर्ड' पर्याय दिला, तर नवी प्रत स्वतःकडे काहीच साठवत नाही, जुनीच्या कोठारातून वाचते. शेजाऱ्याच्या भिंतीवर आपलं छप्पर टेकवल्यासारखं. शेजाऱ्यानं पाटी काढली, झाडलोट केली, भिंत पाडली, की तुमचं छप्पर खाली. दोन ब्रँचवर एकाच वेळी काम करायचं एवढीच गरज असेल, तर २०१५ पासून वर्कट्री आहे. एकच कोठार, दोन ओसऱ्या, सगळं एकाच घरात.

मोठ्या होस्टिंग साइटवर फोर्क करता तेव्हा आतून बहुधा हीच सामाईक भिंत असते, हे मात्र दिसत नाही. म्हणून फोर्कमध्ये चुकून टाकलेला पासवर्ड, फोर्कच पुसून टाकला तरी, ज्याच्याकडे त्या कमिटचं नाव आहे त्याला मूळ रेपोच्या पत्त्यावरूनही दिसू शकतो. सीताराम शास्त्र्यांनी ठेवून दिलेली प्रत परत मागून काय होणार होतं? पासवर्ड बदला. दुसरा उपाय नाही.

भाषेबद्दल थोडं. क्लोनला 'प्रतिरूपण', ब्रँचला 'शाखा' वगैरे लिहून पाहिलं, मुलं दोन पानं वाचून "हे गिटचंच आहे का?" म्हणाली. म्हणून त्यांच्या तोंडचे शब्द ठेवलेत. प्रत, नक्कल, ताडणं हे मात्र मी मुद्दाम ठेवले, कारण पोथ्या उतरवणाऱ्यांनी ते घासून स्वच्छ करून दिलेले आहेत. प्रस्तावनेत आज्ञा देवनागरीत लिहिल्या, प्रकरणांत त्या टाइप करायच्या तशा रोमनमध्ये आहेत.

पुस्तकातले सगळे सराव ज्या रेपोवर आहेत, तो बंडल करून पेन ड्राइव्हवर ठेवलाय, मिररवरून बांधलेला. त्यात पाच ब्रँच आहेत. क्लोन केल्यावर पाचही नोंदीत दिसतात का ते आधी पाहावं, ओरिजिन कुठे बोट दाखवतोय ते पाहावं, आणि मगच पहिल्या प्रकरणाला हात घालावा. कमी दिसल्या तर शनिवारी या. पेन ड्राइव्ह मात्र परत आणा. गेल्या वर्षीचे दोन अजून यायचे आहेत.

सात रस्ता, सोलापूर
मकरसंक्रांत